सिंगापूरमधील सुगम्यता : उंबरठ्यापर्यंत कायदा, पडद्यापाशी धोरण

सिंगापूरमध्ये नवे व्यापारी संकुल उभे राहते, तेव्हा त्याच्या मुख्य दारापाशी केवळ पायऱ्या ठेवून भागत नाही. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या माणसाला रस्त्यापासून लिफ्टपर्यंत आणि तिथून स्वच्छतागृहापर्यंत अडथळ्याविना जाता येईल, हे वास्तुविशारदाला नकाशातच दाखवावे लागते. तसे नसेल तर नकाशा मंजूर होत नाही, आणि बांधकाम नकाशाबरहुकूम नसेल तर इमारत वापरण्याचा परवाना अडतो. त्याच संकुलातील एखाद्या दुकानाचे ॲप मात्र अंध ग्राहकाच्या स्क्रीन रीडरला अजिबात वाचता आले नाही, त्यातल्या बटणांना नावेच दिलेली नसली, तरी कोणत्याही कायद्याचा भंग झालेला नसतो. ग्राहकाने तक्रार करावी असे न्यायासनही नसते.

दिव्यांग व्यक्तींसाठी वस्तू, वास्तू आणि सेवा सुगम्य असाव्यात, हे तत्त्व आज बहुतेक देशांनी मान्य केले आहे. ते अमलात आणण्याच्या वाटा मात्र भिन्न आहेत. काही देशांनी आधी हक्क दिला आणि मोजमापे मागाहून ठरवली. सिंगापूरने मोजमापे आधी बंधनकारक केली आणि हक्काचा प्रश्न दीर्घकाळ बाजूला ठेवला. सिंगापूरमध्ये नोकरी-व्यवसाय करणाऱ्या, आईवडिलांना काही महिने आपल्याकडे आणणाऱ्या आणि भारतातील बँक खातीही सांभाळणाऱ्या मराठी माणसाला या दोन्ही पद्धतींचा अनुभव एकाच वेळी येत असतो. त्यामुळे त्यांतील फरक समजून घेणे हा त्याच्यासाठी केवळ कायद्याच्या अभ्यासाचा विषय राहत नाही.

(शब्दाविषयी थोडेसे. 'दिव्यांग' ही संज्ञा गेल्या दशकात भारतात सरकारी पातळीवर रूढ झाली. चळवळीतील अनेकांना ती मान्य नाही, कारण तिच्यात गौरवाच्या आवरणाखाली प्रश्न झाकला जातो असे त्यांचे म्हणणे आहे. मराठी वृत्तव्यवहारात ती आता प्रचलित असल्याने इथे वापरली आहे, इतकेच.)

१९८१ ची परिषद आणि १९८७ ची रेल्वे

दिव्यांगांच्या जागतिक चळवळीच्या इतिहासात सिंगापूरचे नाव फार आधी येते. १९८० मध्ये कॅनडातील विनिपेग येथे पुनर्वसन क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन भरले होते. संघटनेच्या प्रतिनिधी मंडळात निम्म्या जागा स्वतः दिव्यांग असलेल्यांना मिळाव्यात, ही मागणी तिथे फेटाळली गेली. डॉक्टर, समाजसेवक आणि संस्थाचालक आपल्या वतीने बोलणार आणि आपण श्रोत्यांत बसणार, हे अमान्य असलेले दिव्यांग प्रतिनिधी वेगळे झाले. त्यांनी नवी संघटना स्थापन करण्याचे ठरवले, आणि तिची पहिली जागतिक परिषद १९८१ च्या अखेरीस सिंगापूरमध्ये भरली. संयुक्त राष्ट्रसंघाने ते वर्ष आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून जाहीर केले होते. 'डिसेबल्ड पीपल्स इंटरनॅशनल' या संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले ते सिंगापूरचेच रॉन चंद्रन-डडली. ते स्वतः अंध होते. पुढे १९८६ मध्ये सिंगापूरमध्ये जी 'डिसेबल्ड पीपल्स असोसिएशन' उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते.

परिषदेनंतर सहा वर्षांनी, नोव्हेंबर १९८७ मध्ये, याच शहरात एमआरटीची पहिली गाडी धावली. आधुनिक, वातानुकूलित, वक्तशीर अशी ती व्यवस्था होती. पण फलाटावर जाण्यासाठी चाकाच्या खुर्चीला लिफ्ट नव्हती. जगभरच्या दिव्यांगांना ज्या नगराने व्यासपीठ दिले, त्याच नगराने आपली नवीकोरी रेल्वे त्यांच्यासाठी बंद ठेवली होती. ही चूक निस्तरायला जवळपास दोन दशके लागली. २००३ मध्ये सुरू झालेली नॉर्थ ईस्ट लाइन पहिल्यापासूनच सुगम्य बांधण्यात आली, आणि जुन्या स्थानकांत लिफ्ट, स्पर्शपट्ट्या व रुंद फाटके बसवण्याचे काम २००६ पर्यंत चालले. बांधून झालेल्या स्थानकात लिफ्टसाठी जागा काढणे किती खर्चाचे व अडचणीचे असते, हा धडा सिंगापूरच्या प्रशासनाने तेव्हा गिरवला. सुगम्यतेची तरतूद नकाशातच हवी, या त्याच्या पुढच्या आग्रहाला हा अनुभवही कारणीभूत असावा.

मोजपट्टीचा कायदा

या आग्रहाचे नाव आहे बांधकाम-सुगम्यता संहिता. ती पहिल्यांदा १९९० मध्ये लागू झाली. तिच्या पहिल्या नावात 'अडथळामुक्त' हा शब्द होता. नंतरच्या आवृत्त्यांत विचार फक्त अडथळे काढण्यापुरता न राहता लहान मुले घेऊन येणारे पालक, वयोवृद्ध, अंध आणि कर्णबधिर यांच्या गरजांपर्यंत विस्तारला. १९९५, २००२, २००७, २०१३ आणि २०१९ मध्ये संहितेची उजळणी झाली. तिची अंमलबजावणी इमारत व बांधकाम प्राधिकरण, म्हणजे बीसीए, करते. आणि तिला बळ मिळते ते इमारत नियंत्रण कायद्याचे.

संहितेचा स्वभाव उपदेशाचा नाही; तिच्यात आकडे आहेत. उताराचेच उदाहरण घ्यावे. लहानसहान चढ वगळता, उतार १:१२ पेक्षा तीव्र असू नये असा नियम आहे. म्हणजे जोते ६० सेंटिमीटर उंच असेल तर उताराची लांबी किमान ७.२ मीटर हवी. याहून आखूड उतार बांधला तर तो दिसायला उतारच दिसतो, पण चाकाची खुर्ची स्वतःच्या हातांनी चढवणाऱ्याला तो भिंतीसारखा असतो, आणि उतरताना धोक्याचा. भारतातील अनेक बँकांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या दारांत जे तीव्र उतार नंतर चिकटवलेले दिसतात, ते याच कारणाने शोभेचे ठरतात. दाराची रुंदी, कठड्याची उंची, स्वच्छतागृहातील खुर्ची वळवण्याची मोकळी जागा, लिफ्टमधील बटणांचे स्थान, स्पर्शपट्ट्यांची मांडणी अशा तपशिलांवर संहितेची पानेच्या पाने खर्ची पडलेली आहेत.

तिची मर्यादा अशी की ती मुख्यतः नव्या बांधकामाला आणि मोठे फेरबदल होणाऱ्या इमारतींना लागू होते. १९९० पूर्वीची इमारत मालकाने जशीच्या तशी ठेवली, तर तिच्यावर बंधन येत नाही. ही फट बुजवण्यासाठी बीसीएने २००६ मध्ये सुगम्यता आराखडा आखला, आणि २००७ मध्ये चार कोटी सिंगापूर डॉलरचा निधी उभारला. खाजगी इमारतींच्या मालकांनी उतार, लिफ्ट किंवा सुगम्य स्वच्छतागृह बांधल्यास खर्चाचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग या निधीतून मिळू लागला. म्हणजे नव्यासाठी सक्ती आणि जुन्यासाठी आमिष अशी विभागणी झाली. ती व्यवहार्य आहे. पण आमिष नाकारणाऱ्या मालकाच्या दारात पायरी अजूनही असू शकते, हे लक्षात ठेवायला हवे.

गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या, इमारतींची कथा वेगळी आणि अधिक रोचक आहे. सिंगापूरचे बहुसंख्य रहिवासी याच सरकारी इमारतींत राहतात, आणि तिथे भाड्याने राहणारी मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. १९७० आणि १९८० च्या दशकांतील अनेक इमारतींत लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. ती पहिल्या, पाचव्या, नवव्या अशा ठरावीक मजल्यांवरच थांबे, आणि उरलेल्यांनी एक-दोन जिने चढावेत वा उतरावेत अशी अपेक्षा असे. बांधकामाचा खर्च त्यामुळे वाचला. पण त्या घरांत तरुणपणी राहायला आलेली माणसे तिथेच म्हातारी झाली, तेव्हा ती बचत महाग पडू लागली. २००१ मध्ये लिफ्ट सुधारणा कार्यक्रम सुरू झाला. इमारतीतील ७५ टक्के पात्र कुटुंबांनी मतदानात होकार दिला, तर प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबेल अशी रचना केली जाई. खर्चाचा मोठा वाटा सरकारचा असे, आणि एका कुटुंबाचा वाटा ३,००० डॉलरच्या पुढे जात नसे. सुमारे दीड दशकात बहुतेक इमारतींचे काम आटोपले. ज्या थोड्या इमारतींत रचनेच्या अडचणीमुळे किंवा अवास्तव खर्चामुळे ते शक्य झाले नाही, त्या तशाच राहिल्या. भाड्याचे घर पाहायला गेलेल्या मराठी कुटुंबाने, विशेषतः गुडघेदुखी असलेल्या सासू-सासऱ्यांचा वा आईवडिलांचा मुक्काम ठरत असेल तर, 'लिफ्ट याच मजल्यावर थांबते ना?' हा प्रश्न दलालाला आवर्जून विचारावा. जुन्या वसाहतींत तो अजूनही निरर्थक झालेला नाही.

बसगाड्यांबाबतही असेच टप्प्याटप्प्याने झाले. चाकाच्या खुर्चीसाठी सोयीच्या बस २००६ मध्ये रस्त्यावर येऊ लागल्या, आणि जुन्या गाड्या बाद होत गेल्या तसतशा नव्या खालच्या मजल्याच्या गाड्या त्यांची जागा घेत गेल्या. डिसेंबर २०२० पासून सिंगापूरची प्रत्येक सार्वजनिक बस चाकाच्या खुर्चीसाठी सुगम्य आहे. चालक स्वतः उतरतो, दारातील फळी उघडून पदपथावर टेकवतो, खुर्ची आत आल्यावर ती बंद करतो आणि मग गाडी हलवतो. मागे खोळंबलेले प्रवासी सहसा कुरकुर करत नाहीत. मुंबईच्या लोकलमधील दिव्यांगांच्या डब्यात चढताना फलाट आणि डब्याच्या पायरीत किती अंतर पडते ते ज्याने पाहिले आहे, त्याला या फळीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

हक्क कुठे आहे?

इतके सगळे असूनही, मला नाकारले गेले म्हणून मी दाद मागतो, असे म्हणण्याची सर्वसाधारण तरतूद सिंगापूरच्या कायद्यात नाही. संविधानाच्या १२ व्या अनुच्छेदात धर्म, वंश, कूळ आणि जन्मस्थान या कारणांवरून नागरिकांत भेदभाव करण्यास मनाई आहे. त्या यादीत अपंगत्व नाही. (भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदातील यादीतही ते नाही, हे इथे नोंदवायला हवे.) संयुक्त राष्ट्रसंघाच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारावर सिंगापूरने ३० नोव्हेंबर २०१२ रोजी स्वाक्षरी केली आणि जुलै २०१३ मध्ये त्याला अनुसमर्थन दिले. मात्र तसे करताना तीन बाबी राखून ठेवल्या : कायदेशीर क्षमतेच्या बाबतीतील संरक्षक तरतुदी, खाजगी विमा कंपन्यांनी दिलेला आरोग्य व आयुर्विमा, आणि मतदान करताना स्वतःच्या पसंतीच्या व्यक्तीची मदत घेण्याची मुभा. यांतील दुसरी बाब परदेशस्थ कुटुंबांना सर्वांत जवळची आहे. नागरिक आणि कायम रहिवासी यांना मेडिशील्ड लाइफ ही राष्ट्रीय योजना आधीच्या आजारांसह सामावून घेते. वर्क पासवर आलेल्या कुटुंबाला मात्र खाजगी विम्यावरच भिस्त ठेवावी लागते, आणि करार नेमका तिथेच हात आखडता घेतो.

कराराच्या वैकल्पिक मसुद्यात सिंगापूर सामील झालेले नाही, भारतही नाही. त्यामुळे दोन्ही देशांतील व्यक्तीला संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीकडे वैयक्तिक तक्रार नेता येत नाही. २०२२ मध्ये समितीने सिंगापूरच्या कामगिरीचा पहिला आढावा घेतला, तेव्हा भेदभावविरोधी कायद्याचा अभाव हा चर्चेतील एक मुख्य मुद्दा होता.

सिंगापूर सरकारची भूमिका सातत्याने अशी राहिली आहे की, कोर्टकज्जांपेक्षा नियोजन, अनुदान आणि सर्वांच्या सहमतीने बदल अधिक लवकर होतो. त्यासाठी २००७ पासून 'एनेबलिंग मास्टरप्लॅन' या नावाने पंचवार्षिक आराखडे आखले गेले. २०१३ मध्ये एसजी एनेबल ही संस्था स्थापन झाली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये लेंगकोक बाहरू येथील जुन्या व्यवसायशिक्षण संस्थेच्या आवारात एनेबलिंग व्हिलेज सुरू झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झालेल्या २०३० पर्यंतच्या आराखड्यात १५ ते ६४ वयोगटातील दिव्यांग रहिवाशांपैकी ४० टक्के रोजगारात असावेत आणि मोठी वर्दळ असलेली सर्व सरकारी संकेतस्थळे सुगम्य असावीत, अशी उद्दिष्टे आहेत. उद्दिष्ट चुकले तर सरकारला संसदेत उत्तर द्यावे लागेल; पण दिव्यांग नागरिकाला त्या आधारे दावा लावता येणार नाही. धोरण आणि कायदा यांतला फरक इथे नेमका उघडा पडतो.

नोकरीच्या क्षेत्रात ही भिंत आता किंचित खचली आहे. ८ जानेवारी २०२५ रोजी संसदेने कार्यस्थळ न्याय्यता कायदा संमत केला. वय, राष्ट्रीयत्व, लिंग, वंश, धर्म, भाषा इत्यादींबरोबर अपंगत्व आणि मानसिक आरोग्याची स्थिती या कारणांवरूनही नेमणूक, बढती, प्रशिक्षण वा बडतर्फीत भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. अपंगत्वाच्या व्याख्येत स्वमग्नता, बौद्धिक, शारीरिक आणि ज्ञानेंद्रियांचे अपंगत्व येते. दिव्यांग उमेदवाराला प्राधान्य देणे हा मात्र भेदभाव मानला जाणार नाही. २५ पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पहिली पाच वर्षे सूट आहे, आणि प्रत्यक्ष अंमल सुरू होण्यासाठी २०२७ ची अखेर अपेक्षित धरली गेली आहे. कायद्यात एक गोष्ट मुद्दाम घातलेली नाही, ती म्हणजे वाजवी सोयी पुरवण्याचे मालकाचे कर्तव्य. अंध अभियंत्याला तो अंध आहे म्हणून नाकारता येणार नाही. पण त्याला लागणारे सॉफ्टवेअर किंवा त्याच्या सोयीची कामाची पद्धत पुरवणे हा सल्ल्याचा विषय राहील. अशा सोयीवाचून पुष्कळदा नोकरी टिकतच नाही. त्यामुळे या कायद्याचे हे सर्वांत मोठे न्यून म्हणावे लागेल.

पासचा रंग आणि सोयींची वाटणी

परदेशातून आलेल्या कुटुंबाने एक भेद पक्का लक्षात ठेवावा. बांधकामात आणि वाहतुकीत जी सुगम्यता आहे, ती कोणाचाही पास विचारत नाही. उतार, लिफ्ट, बसची फळी, स्पर्शपट्ट्या पर्यटकालाही तितक्याच उपयोगी पडतात. पैशाच्या स्वरूपातील साहाय्य मात्र नागरिकत्वाला किंवा कायम निवासाला बांधलेले आहे. साहाय्यक साधनांसाठीच्या निधीतून उत्पन्नाच्या अटीवर किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, आणि आयुष्यभरात एकूण ४०,००० डॉलरपर्यंत मदत मिळते, पण ती नागरिक व कायम रहिवासी यांनाच. स्नानगृहात आधाराचे दांडे आणि न घसरणारी फरशी बसवून देणारी एचडीबीची योजना ज्या घराचा मालक नागरिक आहे, त्या घरापुरती आहे. महिना १२,००० डॉलर पगाराची अट पूर्ण करून ज्यांनी आईवडिलांना दीर्घ मुक्कामाच्या पासवर आणले आहे, त्यांना हा सगळा खर्च स्वतः सोसावा लागतो, आणि भारतातील दिव्यांग ओळखपत्र इथल्या सवलतींना आपोआप पात्र करत नाही.

शाळेचा प्रश्न याहून कठीण आहे. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००३ पासून अमलात आहे, आणि २०१९ पासून मध्यम व तीव्र स्वरूपाच्या विशेष गरजा असलेली मुलेही त्याच्या कक्षेत आली. परंतु तो सिंगापूरमध्ये राहणाऱ्या नागरिक मुलांनाच लागू आहे. स्वमग्न मूल असलेल्या मराठी जोडप्याला सिंगापूरची नोकरी स्वीकारण्यापूर्वी पगाराच्या आकड्याइतकाच शाळेच्या जागेचा आणि शुल्काचा विचार करावा लागतो. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाशी होणाऱ्या वाटाघाटीत घरभाड्याचा विषय नेहमी निघतो. विशेष शिक्षणाचा खर्च उमेदवाराने काढल्याशिवाय सहसा निघत नाही.

भारतातील उलटी गोष्ट

भारतात क्रम नेमका उलटा आहे. १९९५ च्या कायद्याची जागा घेणारा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले. कलम ४२ माहिती व संपर्क तंत्रज्ञानाविषयी आहे. कलम ४३ सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंच्या निर्मितीला चालना देण्याविषयी आहे. कलम ४४ सांगते की मानकांचे पालन न करणाऱ्या इमारतीला परवानगी देऊ नये. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची आणि कलम ४६ ने सेवा पुरवणाऱ्यांना दोन वर्षांची मुदत दिली. पहिल्या उल्लंघनास दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनास पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. कागदावर हा कायदा सिंगापूरच्या कितीतरी पुढे आहे. खाजगी आस्थापनाही त्याच्या कक्षेत येतात.

अडले ते मोजपट्टीपाशी. अधिनियमाखालील नियम १५ ने निरनिराळ्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवले होते, आणि त्या सूचना बहुतांशी शिफारशींच्या भाषेत होत्या. राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार हे प्रकरण २००५ पासून सर्वोच्च न्यायालयात होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, निवृत्तीच्या दोन दिवस आधी, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला : मूळ कायदा सक्तीचा असताना त्याखालील नियम केवळ शिफारस करू शकत नाही, म्हणून नियम १५ (१) अधिनियमाशी विसंगत आहे, आणि केंद्राने तीन महिन्यांत किमान बंधनकारक मानके तयार करावीत. सिंगापूरने १९९० मध्ये ज्या गोष्टीपासून सुरुवात केली, तिथे भारत न्यायालयाच्या आदेशाने ३४ वर्षांनी पोहोचला. आणि ज्या हक्काच्या बळावर तो आदेश मिळवता आला, तो सिंगापूरच्या नागरिकाजवळ आजही नाही.

३० एप्रिल २०२५ रोजीच्या प्रज्ञा प्रसून प्रकरणातील निकाल परदेशस्थ भारतीयांच्या थेट व्यवहारातला आहे. बँक खात्यासाठी वा सिमकार्डासाठी ऑनलाइन ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवावी लागते. ॲसिडहल्ल्यात डोळे व चेहरा विद्रूप झालेल्या आणि अंध याचिकाकर्त्यांना ते अशक्य होते. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जीवनाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असे न्यायालयाने म्हटले, आणि पर्यायी पद्धती उपलब्ध करून देण्याविषयी वीस निर्देश दिले. त्याच वर्षी ३१ जुलैला सेबीने आपल्या नियंत्रणाखालील संस्थांना त्यांची संकेतस्थळे व ॲप्स सुगम्य करण्याचे परिपत्रक काढले. पुण्यात किंवा नागपुरात राहणाऱ्या, दृष्टी मंदावलेल्या आईची म्युच्युअल फंडाची खाती सिंगापूरहून सांभाळणाऱ्या मुलाने ही दोन कागदपत्रे हाताशी ठेवावीत. 'ॲपमध्ये तशी सोय नाही' या उत्तराला आता प्रत्युत्तर आहे.

युरोपचा नियम सिंगापूरच्या कचेरीत

वस्तू आणि सेवा यांच्याविषयीचा सर्वांत थेट कायदा युरोपीय संघाचा आहे. २०१९ मध्ये संमत झालेला युरोपीय सुगम्यता निर्देश २८ जून २०२५ पासून लागू झाला. संगणक, स्मार्टफोन, एटीएम, तिकिटांची यंत्रे, ई-पुस्तके, ग्राहकांसाठीच्या बँकसेवा, ऑनलाइन विक्री असा त्याचा पसारा आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी आणि वीस लाख युरोपर्यंत उलाढाल असलेल्या सेवापुरवठादारांना सूट आहे. हा नियम विक्रेत्याचे कार्यालय कुठे आहे ते पाहत नाही. माल किंवा सेवा युरोपातल्या ग्राहकाला दिली जाते का, हे पाहतो. त्यामुळे सिंगापूरमधील बँकेच्या किंवा सॉफ्टवेअर कंपनीच्या गटाला, ज्यात मराठी अभियंते हमखास असतात, युरोपीय ग्राहकासाठी सुगम्य पडदा बांधणे भाग पडते. विनोद असा की, तोच गट सिंगापूरच्या ग्राहकासाठी तेच ॲप विना-सुगम्य ठेवू शकतो. प्रत्यक्षात दोन आवृत्त्या सांभाळणे महाग पडते, म्हणून बरेचदा सुगम्य आवृत्ती सर्वत्र जाते. सिंगापूरचा अंध ग्राहक अशा वेळी ब्रुसेल्सच्या कायद्याचा लाभार्थी ठरतो.

पुस्तकांच्या बाबतीत मात्र दोन्ही देश आघाडीवर आहेत. अंध वाचकांसाठी ब्रेल वा ध्वनिरूप प्रती प्रताधिकारधारकाच्या परवानगीविना करता याव्यात आणि त्या सीमेपलीकडे पाठवता याव्यात, यासाठी २०१३ मध्ये माराकेश करार झाला. त्याला अनुसमर्थन देणारा पहिला देश भारत होता, जून २०१४ मध्ये; सिंगापूर मार्च २०१५ मध्ये सामील झाले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये करार अमलात आला. त्यामुळे भारतातील अधिकृत संस्थेने तयार केलेली मराठी पुस्तकाची सुगम्य प्रत सिंगापूरमधील अंध वाचकाला कायदेशीररीत्या मिळू शकते.

अडचण उरते ती मजकुराचीच. स्क्रीन रीडरला युनिकोडमधील देवनागरी वाचता येते आणि मराठी उच्चारांची सोयही आता आहे. परंतु जुन्या मराठी छपाईचे कितीतरी साहित्य अशा फॉन्टांत बसवलेले आहे, ज्यांत पडद्यावर दिसणारे 'क' हे अक्षर संगणकाच्या लेखी भलतेच रोमन अक्षर असते. डोळ्यांना तो परिच्छेद निर्दोष दिसतो. स्क्रीन रीडर मात्र त्यातून निरर्थक रोमन अक्षरांची माळ उच्चारतो. गणेशोत्सवाच्या किंवा दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाची पत्रिका व्हॉट्सॲपवर सुंदर चित्राच्या रूपात येते, तेव्हा तेवढेही होत नाही. चित्रातल्या अक्षरांचे वर्णन कोणी सोबत लिहिलेले नसेल, तर तारीख, वेळ, सभागृहाचा पत्ता आणि तिथे लिफ्ट आहे की नाही हे सारे गाळून फोन फक्त 'प्रतिमा' एवढेच सांगतो.